पापड पंचावन्नला की पंचेचाळीसला?

मोखाड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज जरा गणित सांगणार आहोत. रेडिओ बंद करू नका, नागलीच्या पापडाचंच गणित आहे.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी कॉमर्सला शिकते. तिच्या पुस्तकात कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स असे दोन धडे आहेत. भाव किती ठेवायचा, माल किती काढायचा, हे ठरवायला मोठे धंदेवाले ते वापरतात म्हणे. आम्ही म्हटलं, मग आमच्या पापडाला लावून दाखव. कारण एक व्यापारी मागे लागला होता, की पाकीट ४५ रुपयांना द्या, दर बाजाराला ७० उचलतो. सत्तर म्हटल्यावर कोणाचेही डोळे चमकतील!

पोरीने आधी वही मागितली. आकडे सोपे करून सांगतो. एका पाकिटाला खर्च ३० रुपये. त्यात पीठ, मीठ, पापडखार, पिशवी आणि लाटणारीची मजुरी. मजुरी धराच, आपण नेमकी तीच सोडतो. भाव ६० ठेवला तर ४० पाकिटं खपतात, आणि दर ५ रुपये उतरवले की १० जास्त जातात.

आता बघा. ६० ला गल्ला २४०० आणि नफा १२००. ५५ ला ५० पाकिटं, गल्ला २७५०, नफा १२५०. ५० ला ६० पाकिटं, गल्ला ३०००, पण नफा परत १२००. आणि ४५ ला ७० पाकिटं, गल्ला ३१५०, नफा फक्त १०५०. गल्ला चढतच गेला, म्हणून कळलंच नसतं. ५५ च्या भावापेक्षा वीस पाकिटं जास्त लाटायची आणि गटाच्या पेटीत दोनशे रुपये कमी टाकायचे!

कॅल्क्युलस म्हणजे काय, तर एवढंच विचारायचं, की अजून एक पाऊल टाकलं तर किती वर जाऊ? डोंगर चढताना पाऊल वर जातं, माथ्यावर सपाट लागतं, पुढे उतार. ५४ ला नफा १२४८, ५६ लाही १२४८, मधे ५५ ला १२५०. तोच माथा. पोरगी तो एका ओळीत काढते, आम्ही एकेक भाव लिहून काढला. उत्तर एकच.

ही विद्या परकी समजू नका. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला, त्यात ग्रहाची त्या क्षणाची गती मोजायचा विचार आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचं त्यात कोरलंय.

मॅट्रिक्स तर त्याहून ओळखीचं, आडव्या-उभ्या रांगांत मांडलेले आकडे. आडव्या रांगेत वस्तू, उभ्या रांगेत सामान. समजा पापडाच्या पाकिटाला २०० ग्रॅम पीठ, गूळ नाही. लाडवाच्या डब्याला २५० ग्रॅम पीठ, १५० ग्रॅम गूळ. ऑर्डर आली २० पाकिटं आणि १० डब्यांची, तर साडेसहा किलो पीठ, दीड किलो गूळ. ऑर्डर बदलली तरी कोष्टक तेच.

आम्हाला जास्त आवडला तो उलटा हिशोब. घरात १० किलो पीठ आणि ३ किलो गूळ आहे, दोन्ही संपवायचं, तर काय किती करायचं? गूळ फक्त लाडवात, म्हणून २० डबे. त्यात ५ किलो पीठ गेलं, उरलेल्या पिठाची २५ पाकिटं. तूप-वेलचीची रांग वाढवली की हिशोब लांबतो, तेव्हा पोरीला हाक मारतो.

एक मात्र लक्षात ठेवा. हे आकडे वर्षभर टिकत नाहीत. बोहाड्याच्या गर्दीत साठलाही माल उडतो, आणि दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर गेली की गावातलं गिऱ्हाईकच नसतं. म्हणून आम्ही दर बाजाराला भाव आणि खप दोन्ही वहीत लिहितो. व्यापाऱ्याला ५५ सांगितलेत. तो विचार करतो म्हणालाय. येत्या बाजाराला आम्ही टोपली घेऊन त्याच भावाने बसणार आहोत.