बधिर करण्याचे औषध आणि दहा वर्षांची नोंदवही

(म्हसळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्तनात गाठ हाताला लागली, तरी कोकणातील स्त्री ती गोष्ट घरात लगेच बोलत नाही. लावणी उरकू दे, गणपती होऊन जाऊ देत, मुंबईचा मुलगा शिमग्याला आला की पाहू, असे करता करता वर्ष सरते. मग माणगावला गाडी धरून परळ गाठावे लागते. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार होतात, हे सर्वश्रुत आहे. तेथे संशोधनही होते. मात्र त्यासाठी पैसा कोण देतो, हा विषय क्वचितच निघतो.

ते रुग्णालय मुळात दानातून उभे राहिले. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठी एक न्यास स्थापन केला आणि आपली उर्वरित संपत्ती दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. मेहेरबाईंच्या नावाच्या न्यासाच्या उत्पन्नाचा चार पंचमांश भाग जगभरातील संशोधकांसाठी आणि एक पंचमांश भारतातील कार्यासाठी, अशी योजना ठरली. दुसऱ्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय सुरू केले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे, म्हणजे शासनाच्या तिजोरीवर आहे.

औषध कंपनीही संशोधन करते, मग दानाची वा शासनाची गरज काय? कंपनी तेच तपासते, जे पुढे विकता येईल. त्यात तिचा दोष नाही, तो तिचा व्यवसायच आहे. परंतु ज्या औषधावर कोणाचीच मालकी उरलेली नाही, त्याची परीक्षा घेण्यास कोण पुढे येणार?

दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे औषध टोचतात, ते लिग्नोकेन घ्या. शस्त्रक्रियेने गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे ते गाठीभोवती टोचले तर? डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न देशातील ११ केंद्रांतील सुमारे १६०० स्त्रियांच्या बाबतीत तपासला. काम २०११ मध्ये सुरू झाले, निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आढळले. शंभर स्त्रियांमागे तीन-चार जीव! औषधाचा खर्च शंभर रुपयांहूनही कमी. असल्या औषधात कोणती कंपनी बारा वर्षे पैसा गुंतवील? तो अणुऊर्जा विभागाने दिला.

दुसरे उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील. १९९८ मध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत, केवळ दहावीपर्यंत शिकलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. महागडे यंत्र नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही. म्हसळ्यासारख्या तालुक्याला उपयोगी पडेल असे हे ज्ञान. पण त्याचा मोठा खर्च अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी उचलला. त्यांच्याविषयी कृतज्ञता हवीच. तथापि आपल्या आयाबहिणींचा प्रश्न सोडवण्यास आपल्याकडील धनिक पुढे का आले नसावेत, हेही विचारले पाहिजे.

उत्तर फारसे अवघड नाही. इमारतीला देणगी दिली की संगमरवरी पाटी लागते. नोंदवही सांभाळणाऱ्या कारकुनाच्या पगाराला पाटी लागत नाही! आणि संशोधनाचा पैसा नेमका तेथेच लागतो. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन ही धर्मादाय संस्था आयसरच्या शास्त्रज्ञांसमवेत स्तनकर्करोगावर संशोधन करते. रुग्णेच्या संमतीने काढलेल्या गाठीचा अंश तेथे जपून ठेवला जातो. मात्र त्या अंशाचे मोल तेव्हाच, जेव्हा ती स्त्री पुढे कशी राहिली याची वर्षानुवर्षांची नोंद त्याच्याशी जोडलेली असते.

नोंद तुटते ती येथे, खेड्यात. उपचार संपले, बरे वाटू लागले की तपासणीची तारीख चुकते. घरात कामे असतात, भाडे परवडत नाही, मुंबईत उतरायला जागा नसते. मग नोंदवहीत त्या नावापुढे रकाना कोरा राहतो आणि ती जगली की गेली, हे कोणालाच कळत नाही. कोरे रकाने वाढले की सारा अभ्यास लंगडा पडतो. म्हणूनच जाणते विश्वस्त अर्जातील यंत्रांची यादी पाहण्याआधी विचारतात, दहा वर्षे रुग्णांशी संपर्क कसा ठेवणार?

तालुक्याच्या मंडळांना, पतपेढ्यांना प्रयोगशाळा उभारता येणार नाही. पण उपचार झालेल्या स्त्रीचे वर्षातून दोन वेळा परळला जाण्या-येण्याचे भाडे आणि सोबत जाणाऱ्या एका बाईचे तिकीट, हा खर्च गणपतीच्या मांडवाच्या रोषणाईतून निघू शकतो. तोही संशोधनाचाच खर्च आहे.