बांधकामावरील सूक्ष्म धूळ

शिरूर घोडनदीच्या कांठीं वसलें आहे, दौंड भीमेच्या. या दोन्ही तालुक्यांचें रूप गेल्या कांहीं दशकांत पालटलें. शिरूर तालुक्यांत रांजणगांव व दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती झाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ कारखाने, गुदामें, दुकानें व बहुमजली घरें यांचीं कामें सुरू झालीं. सायंकाळीं काम सुटतें तेव्हां गवंडी, बिगारी, फरशीवाले आणि रंगारी यांच्या केसांवर व भुवयांवर धुळीचा थर बसलेला असतो. तो झटकला कीं माणूस स्वच्छ झाला, असें पाहणारास वाटतें. परंतु खरें भय डोळ्यांस न दिसणाऱ्या धुळीचें आहे.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर, आणि मायक्रोमीटरचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. दहा मायक्रोमीटरहून मोठे कण बहुतांशी नाकांत व घशांत अडकतात आणि शिंकेवाटे अथवा कफावाटे बाहेर पडतात. चार मायक्रोमीटरहून लहान कण मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोंचूं शकतात. शंभर नॅनोमीटरहून लहान कण हे नॅनोकण होत.

आधीं जुन्या शत्रूची ओळख करून घेणें बरें. दख्खनच्या काळ्या दगडांत मोकळें स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, फार थोडें असतें. परंतु हल्लींच्या घरांत ग्रॅनाइट, चिनी मातीच्या फरश्या आणि कारखान्यांत बनविलेला कृत्रिम दगड येतो. त्या कृत्रिम दगडांत स्फटिकाचें प्रमाण कधीं कधीं शेंकडा ९० हूनही अधिक असतें. अशी लादी कोरड्या ग्राइंडरनें कापली कीं तिची धूळ श्वासावाटे आंत जाते. शरीरांतील रक्षक पेशी ती गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्या स्वतःच मरतात आणि फुप्फुसांत व्रणासारखे कठीण गोळे तयार होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाहीं; शिवाय तो झालेल्या माणसास क्षयरोग होण्याची शक्यता वाढते. अशा स्फटिकी धुळीनें कर्करोग होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९७ सालींच दिला आहे.

आतां नव्या पाहुण्याकडे वळूं. भिंतीवर मळ टिकूं नये म्हणून कांहीं रंगांत टिटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण घालतात. काँक्रीट अधिक घट्ट व्हावें म्हणून त्यांत नॅनो-सिलिका मिसळतात. रंग वाळून भिंतीवर बसला कीं कण त्यांत बांधले जातात, व घरांत राहणारास त्यांच्यापासून भय फारसें उरत नाहीं. भय असतें तें कोरडी भुकटी ओततांना, रंग फवारतांना, भिंत घासतांना किंवा पाडतांना; म्हणजे मजुराच्या वांट्याचें. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा कांहीं कणांमुळें फुप्फुसांस सूज आल्याचें दिसलें आहे. माणसांविषयींचा पुरावा अद्याप अपुरा आहे. तथापि पुरावा अपुरा असेल तेथें सावधगिरी बाळगावी, हेंच तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारलें.

सुदैवानें दोन्ही संकटें एकाच वाटेनें येतात, म्हणून त्यांवरील उपायही बहुतेक एकच आहेत. पहिला उपाय पाण्याचा. कापतांना पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ हवेंत उडण्याऐवजीं चिखल होऊन खालीं बसते. दुसरा, भुकटीऐवजीं पाण्यांत कालविलेला माल मागविणें. तिसरा, कोरड्या झाडूनें झाडण्याचें टाळून ओल्या फडक्यानें पुसणें. मुखपट्टीचा क्रम या सर्वांनंतर.

तोंडाभोंवतीं बांधलेला गमछा बारीक धूळ अडवीत नाहीं. एन-९५ जातीची मुखपट्टी अडवते. कण जितका लहान तितका तो गाळणींतून सहज निसटेल, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत एका ठराविक मधल्या आकाराचे कण अडविणें सर्वांत कठीण असतें. त्याहून लहान कण हवेंत सैरावैरा भटकत राहतात, त्यामुळें तंतूंवर आदळून चिकटतात. परंतु मुखपट्टी चेहऱ्यास घट्ट बसली पाहिजे. दाढी वाढलेली असली तर कडेनें वाट मोकळीच राहते. कामाचे कपडे कामावरच बदलावेत, कारण बांधकामाच्या आडोशाला राहणारें तान्हें मूल बापाच्या सदऱ्यावरील धूळही हुंगीत असतें.

बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठीं १९९६ सालीं कायदा झाला; पुढें २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेंत त्याचा समावेश करण्यांत आला. वर्षांत ९० दिवस काम केलेल्या मजुरास राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंद करतां येते. ही नोंद महत्त्वाची आहे. सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षांनीं प्रकट होतो. तोंवर मजूर रांजणगांवाहून कुरकुंभास, तेथून आणखी कोठें गेलेला असतो, आणि कोणाच्या घराची फरशी कापतांना आजार जडला हें सांगणारा कागद त्याच्याजवळ नसतो.

म्हणून ही गोष्ट केवळ ठेकेदारावर सोंपवून चालणार नाहीं. नवें घर बांधणारें अथवा जुनें दुरुस्त करणारें प्रत्येक सुशिक्षित कुटुंब हें त्या दिवसांपुरतें मालकच असतें. फरशीचा रंग निवडण्यांत जेथें चार सायंकाळ जातात, तेथें ठेकेदारास इतकेंच विचारण्यास किती वेळ लागेल: कापतांना पाणी सोडणार काय? मुखपट्ट्या कोण आणणार? या दोन प्रश्नांचा खर्च घराच्या किंमतीपुढें नगण्य आहे. ते विचारले गेले नाहींत, तर त्या चकचकीत जमिनीची उरलेली किंमत कोणीतरी आपल्या श्वासानें फेडीत राहील.