काटकसर कोणाची आणि कोणाच्या जिवावर?

(नरखेड तालुक्यातील लहान संत्रा-बागायतदार व शेतमजूर यांच्या सभेत केलेले भाषण)



आज या सभेत बागेचा मालक आणि त्याच बागेत निंदणाला जाणारी बाई एकाच सतरंजीवर बसली आहेत. याचा मला आनंद वाटतो आणि थोडी धास्तीही वाटते. कारण आजचा विषयच असा आहे की, त्यावरून या दोघांत भांडण लावून देणे अगदी सोपे आहे. भाव पडला की ‘खर्च कमी करा’ असा उपदेश चहूकडून सुरू होतो. खर्च कमी केला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की, कोणता खर्च आणि कोणाचा?

प्रथम भाव का पडतो ते पाहू. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने २०१९ नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्याने चढवत नेले. तिकडे जाणारा माल घटला आणि तो इथल्याच मंड्यांत येऊन साचला. २०२३ साली राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावे लागले. ढाक्यात जे ठरले त्याचा बोजा सावरगाव-जलालखेड्याच्या बागेत येऊन पडला. या मंदीला शेतकरी जबाबदार नाही. मजूर तर नाहीच नाही.

पण काटकसर सुरू कुठून होते? आपण बाग उभी विकली की तोडणीची मजुरी व्यापाऱ्याकडे जाते. मालकाच्या हाती उरते ती निंदणाची, आळी करण्याची, फवारणीची मजुरी. कर्जाचे व्याज ठरलेले, खताच्या पोत्याचा भाव ठरलेला, औषधाच्या बाटलीवर किंमत छापलेली. घासाघीस करता येईल असे एकच माणूस समोर असते, ते म्हणजे निंदणारी बाई. म्हणून कात्री तिच्यावर चालते. ती महाग आहे म्हणून चालत नाही, ती दुबळी आहे म्हणून चालते. १९७६ साली स्त्री-पुरुषांना समान वेतन देणारा कायदा झाला. ते समान वेतन बांधापर्यंत अजून पोचायचे आहे.

तिच्या मजुरीतून कापलेले पैसे वाचतात, असे आपण समजतो. ते आठवडी बाजारातून कमी होतात. तिची डाळ, तिचे तेल, मुलांच्या वह्या यांत ते खर्च झाले असते. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले: मंदीत प्रत्येकाने हात आखडला की सर्वांचीच मिळकत आखडते. जागतिक मंदीच्या त्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी पगार कापले आणि १९३४ साली कामगारांना त्याविरुद्ध सार्वत्रिक संप करावा लागला.

उलट दाखला आपल्या नागपूरचाच आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी भांडवलदार होते, काही साधू नव्हते. पण कामगारांची गैरहजेरी हाच मोठा खर्च आहे, हे त्यांनी ओळखले. मजुरी कापण्याऐवजी त्यांनी निवृत्तिवेतन व अपघाताची भरपाई यांवर पैसा घातला आणि रिंग पद्धतीच्या नव्या चात्या बसवल्या. ती गिरणी पुढे राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली, ही गोष्ट वेगळी. तिच्या सुरुवातीचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही.

चुकीच्या काटकसरीचा अनुभव माझ्या घरचा आहे. माझ्या वडिलांची दीडशे झाडांची बाग होती. एका पडत्या वर्षी त्यांनी शेणखत थांबवले आणि बुंध्यांना बोर्डो मलम लावण्याचे टाळले. वहीत खर्च कमी दिसला. पुढच्या पावसाळ्यानंतर बुंध्यांतून डिंक गळू लागला. किती रुपये वाचले ते आज कोणाच्या लक्षात नाही. गेलेली झाडे मात्र मी बोटांवर मोजून दाखवीन. नवे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात.

मग कात्री कुठे चालवावी? पहिली बोअरवेलवर. शेजाऱ्याने खोल नेली म्हणून आपण त्याहून खोल नेतो. पाणी वाढत नाही, कर्ज तेवढे वाढते. एका शिवारातील बागायतदारांनी एकत्र बसून ही शर्यत थांबवली, तर कोणाचीही मजुरी न कापता प्रत्येकाचा मोठा खर्च वाचेल. दुसरी औषधावर. कोणते औषध मारायचे हे दुकानदाराला विचारण्याऐवजी नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला विचारा, आणि खत-औषधे दहा जणांनी मिळून ठोक घ्या. तिसरी व्याजावर. २००२ साली जिल्हा बँकेतील रोखे-घोटाळा उघडकीस आला आणि सहकारी पीककर्जाचा आधार खिळखिळा झाला. लहान शेतकरी उधारीच्या दारात उभा राहिला. ही कात्री एकट्याच्या हातात मावणारी नाही, ती संघटनेनेच चालवायची आहे.

आणि सरकार काटकसरीचा उपदेश करू लागले, तर त्याला त्याचाच इतिहास ऐकवा. १९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, १९९० पासून तिच्यातून फळबागा लागू लागल्या. गरिबाच्या हाताला काम देण्यासाठी केलेल्या खर्चातूनच ही हिरवळ आली.

म्हणून आज या सभेने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. या हंगामात निंदणाची मजुरी कापली जाणार नाही, आणि बाई म्हणून कोणाला कमी दिली जाणार नाही. त्याच्या बदल्यात मजूर भगिनी आणि बांधव कर्जाच्या व हमीभावाच्या लढ्यात बागायतदारांच्या खांद्याला खांदा लावतील. हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे. एकमेकांचे खिसे तपासत बसलो, तर ज्याने खरोखर आपले खिसे कापले तो मोकळाच राहील.