दोघंही पॉझिटिव्ह, मग निरोध कशाला?



मागच्या वेळी आपण एचआयव्हीबद्दल बोललो. त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत एक ताई सगळ्या पांगेपर्यंत थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आम्ही नवराबायको दोघंही पॉझिटिव्ह. हे म्हणतात, जे व्हायचं ते झालं, आता निरोध कशाला?" आम्हांला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही समुपदेशक ताईंकडे बसून नीट समजून घेतलं. तेच आज सांगतो.

ज्वारी म्हटली तरी मालदांडी वेगळी, दगडी वेगळी. एचआयव्हीचंही तसंच आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन, एक आणि दोन. जगभर जास्त पसरला तो एक नंबरचा. त्याच्या सगळ्यांत मोठ्या गटाचे उपप्रकार पाडून शास्त्रज्ञांनी त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली आहेत. अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात बी जास्त. आपल्या भारतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात सी जास्त. जगातल्या जवळपास निम्म्या लागणी सी प्रकाराच्याच आहेत.

एवढे प्रकार झाले कसे? हा विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो. नक्कल करताना तो चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्यामुळे तो सारखा बदलत राहतो. त्याच्यावर लस अजून निघाली नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

पण त्याची आणखी एक खोड आहे. एकाच माणसाला दोन वेगळ्या प्रकारांची लागण झाली आणि दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांची सरमिसळ होऊ शकते. आपण गोधडी शिवतो तेव्हा थोडा तुकडा आईच्या लुगड्याचा, थोडा सासूबाईंच्या. तसा नवा विषाणू तयार होतो, काही भाग एकाचा, काही दुसऱ्याचा. गोधडी बघून आपण ओळखतो की हा तुकडा कुठल्या लुगड्याचा. शास्त्रज्ञही विषाणूची जनुकं वाचून कुठला भाग ए आणि कुठला सी, हे ओळखतात.

अशा मिश्र विषाणूला नाव द्यायचा नियमही आहे. एकाच माणसात सापडला, तर तो तेवढ्यापुरता. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन माणसांत अगदी तीच ठेवण सापडली, तर तो पसरतो आहे असं धरतात आणि त्याला क्रमांक देतात. पहिला क्रमांक मिळाला तो थायलंडमध्ये पसरलेल्या एई या विषाणूला. आता असे शंभरहून अधिक आहेत. हे फक्त परदेशातलं नाही. पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांत ए आणि सी यांची सरमिसळ झालेला विषाणू सापडल्याचं 1999 मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

आता त्या ताईंचा प्रश्न. मैत्रिणींनो, एकदा लागण झाली म्हणजे दार बंद झालं असं नाही. दुसऱ्या प्रकारची लागण पुन्हा होऊ शकते. एका विषाणूनं एका औषधाला दाद देणं सोडलेलं असेल आणि दुसऱ्यानं दुसऱ्या औषधाला, तर सरमिसळीत हे दोन्ही गुण एकत्र येऊ शकतात. मग चालू असलेल्या गोळ्या लागू पडत नाहीत. म्हणून दोघं पॉझिटिव्ह असले तरी निरोध वापरायचा.

घाबरायचं मात्र नाही. एआरटी केंद्रावर फुकट मिळणाऱ्या आताच्या गोळ्या ए, बी, सी आणि मिश्र, सगळ्यांवर चालतात. गोळी रोज, ठरल्या वेळी, खाडा न करता घ्यायची. विषाणू मोजायची रक्ततपासणी सांगतील तेव्हा करायची. त्या तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण पुढं जात नाही. खाडे होऊ लागले की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा बनू शकतो.

एक शेवटचं. प्रकार कुठला हे ऐकलं की घरात लगेच विचारतात, "मग हा आणला कोणी?" आपल्याकडे बोट बहुतेक वेळा बाईकडेच वळतं. ए, बी, सी ही अक्षरं विषाणूला दिलेली आहेत, बाईच्या चारित्र्याला नाही. आपल्याकडे बहुतेकांत सीच असतो, त्यामुळे नुसत्या अक्षरावरून कोणाकडून कोणाला गेला हे कळत नाही. आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार कोणी चारचौघांत सांगू नये, यासाठी 2017 चा कायदा आहे. शंका असेल तर 1097 या फुकट नंबरवर विचारा.

त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "यांनाही ऐकवा." म्हणून दादांनो, तुम्हीही ऐकत असाल तर हे तुमच्यासाठीही आहे.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.