प्रवासातील जीवदया : वाट, पाणी आणि मुक्काम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरकडे जाणारा रस्ता काळ्या कसदार मातीतून जातो. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस होताच त्याच मातीतून असंख्य जीव वर येतात. मखमली मृगाचे किडे, पंख फुटलेली वाळवी, गांडुळे, गोगलगाई यांनी वाट भरून जाते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे अनेकांना स्मरत असेल. साधु-साध्वींनी पावसाळ्याचे चार महिने विहार थांबवून एका ठिकाणी राहावे, या नियमामागील कारण अशा वेळी पुस्तकाशिवाय समजते. चातुर्मास हा प्रथमतः वाटेवरील जीवांसाठी घेतलेला थांबा आहे.

इतर आठ महिने साधू चार हात भूमी न्याहाळत पाऊल टाकतात. हीच ईर्यासमिती. श्रावकाचा प्रवास मात्र रेल्वेने, बसने, मोटारीने होतो आणि तो बाराही महिने चालतो. कुंथलगिरी, कचनेर, जिंतूरचे नेमगिरी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ अशा क्षेत्रांच्या यात्रा, लग्नकार्ये, व्यापार, मुलांची शिक्षणे यांसाठी घर सोडावेच लागते. मग धर्मशाळेच्या गादीतील ढेकूण, डब्यातील झुरळ, संध्याकाळचे डास आणि बुटात शिरलेला विंचू यांच्याशी कसे वागावे, हा प्रश्न उभा राहतो. एका बाजूस जीवदया, दुसऱ्या बाजूस घरातील वृद्धांचे व बालकांचे आरोग्य. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

शास्त्राने येथे साधू व श्रावक यांच्यात विवेक केला आहे. बावीस परीषहांत दंशमशक, म्हणजे डास-माशांचा दंश, हा एक परीषह आहे. साधू तो समभावाने सहन करतात. गृहस्थाकडून तेवढी अपेक्षा नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून, जाणूनबुजून केलेल्या संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाने प्रथम करावा, असे म्हटले आहे. तात्पर्य असे, की जीव समोर आल्यावर काय करावे याचा विचार दुय्यम आहे. तो जीव संकटात सापडू नये आणि आपणही सापडू नये, अशी तजवीज आधीच करणे हाच यत्नाचार होय.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठवाड्याच्या जुन्या बारवांत सापडते. पायऱ्या उतरून पाणी भरण्याच्या विहिरींतून पूर्वी नारूचा रोग पसरे. पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या अतिसूक्ष्म जीवाच्या पोटात नारूची अळी असे. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने हातभर, कधी त्याहूनही लांब कृमी पायाची कातडी फोडून बाहेर येई. असा रुग्ण पाण्यात उतरला की अळ्या पुन्हा विहिरीत जात. यावर ना लस होती ना औषध. उपाय साधा होता, तो म्हणजे दाट कापडातून गाळलेले पाणी. प्रवासात गाळणे बरोबर बाळगणाऱ्या श्रावकाचे पाय या रोगापासून सुरक्षित राहिले असणार, हे सहज समजते. शासनाने १९८० च्या दशकात नारू निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, तेव्हा तिच्या साधनांत कापडाचे गाळणे हेही एक प्रमुख साधन होते. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. एका प्रवाशाने गाळून पाणी प्यायल्याने तो एकटा वाचला, विहीर तशीच राहिली. रोग गेला तो गावोगावी सर्वांनी पाणी गाळले, पायऱ्यांच्या विहिरी सुरक्षित केल्या आणि रुग्णांना पाण्यात उतरण्यापासून रोखले, तेव्हा. वैयक्तिक शुद्धी पुरेशी नसते, मुक्कामाची जागा सर्वांसाठी शुद्ध ठेवावी लागते, हा धडा धर्मशाळा चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने लक्षात घ्यावा.

डासांचेही तसेच. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. नांदेड व लातूर त्या वेळी त्याच निजामी राज्यात होते. डेंग्यूचा डास तर घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. लातूरला पाण्याची टंचाई नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी अनेक दिवसांनी येते तेथे हौद, पिंपे, हंडे भरून ठेवावेच लागतात. ती झाकली, आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी केली, तर डासाला अंडी घालण्यास जागाच उरत नाही. जो जन्मलाच नाही त्याला मारावे लागत नाही. झाकण न ठेवता पुढे धूर फवारणे, यात हिंसा अधिक आहे आणि उपयोग कमी. प्रवाशाने साधी मच्छरदाणी जवळ ठेवावी. तिच्यात डासही वाचतो, माणूसही.

मुक्कामी पोहोचताच सामान गादीवर टाकू नये. गादीच्या शिवणी व पलंगाच्या फटी आधी पाहाव्यात. ढेकूण दिसल्यास खोली बदलून घ्यावी आणि व्यवस्थापकांस सांगावे. घरी आल्यावर कपडे अंगणातच उघडून हलक्या हाताने झटकावेत. पीठ अधिक दिवसांचे नेऊ नये. परंपरेत त्याची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच व पावसाळ्यात तीन दिवसांची मानली आहे, ती पोरकिड्यांचा विचार करूनच. सूर्यास्तापूर्वी जेवल्यास दिव्यावर येणारे किडे ताटात पडत नाहीत.

बूट झटकून मगच पायात घालावेत. विंचू दिसल्यास भांडे पालथे घालून, खाली पुठ्ठा सरकवून त्याला दूर सोडावे. दंश झालाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगात आणले, त्यामुळे असंख्य प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाला न मारताही माणूस वाचविता येतो, हे या कार्याने दाखवून दिले.

जीवदया म्हणजे दुबळेपणा नव्हे, ती जागरूकतेची शिस्त आहे. पाणी गाळण्यास एक क्षण लागतो, हौद झाकण्यास दुसरा, पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहण्यास तिसरा. या तीन क्षणांची सवय मुलांना लागली, तर पुढील पन्नास वर्षांच्या यात्रा सुखरूप होतील, आणि वाटेवरील मुक्या जीवांचीही यात्रा निर्विघ्न राहील.

जय जिनेंद्र.