परक्याच्या घरी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोला म्हणून सांगितलं. आम्ही मोठे वक्ते नाही. सूतगिरणीत तीन पाळ्या करता करता जे वाचलं, तेवढीच आमची शाळा. आपल्या वस्तीतली एक लेक पालीच्या अभ्यासासाठी श्रीलंकेला अकरा दिवस जाऊन आली. आज त्याबद्दल बोलणार आहोत.

आधी आमची चूक कबूल करतो. पोरीचा बाप विचारायला आला तेव्हा आम्ही नको म्हणालो. लेणी, स्तूप आपल्याकडं कमी आहेत काय? त्यात मुक्काम तिथल्या कुटुंबांच्या घरी होता. तिथंच आमचं मन अडकलं. परक्याचं घर म्हणजे काय, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. वेगळी कपबशी, वरून ओतलेलं पाणी. भाड्यानं खोली मागायला गेलं की आधी आडनाव. पण पोरीची आई चार घरची धुणीभांडी करते, ती म्हणाली, “मी लोकांच्या घरात मागल्या दारानं जाते. माझ्या लेकीला पुढल्या दारानं जाऊ द्या.” आम्ही गप्प झालो.

पोरगी आधी मिहिंतलेला गेली. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र थेर आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट याच टेकडीवर झाली, असं तिथले ग्रंथ सांगतात. पुढं अनुराधपूरला तिनं महाबोधी बघितला. तो थेरी संघमित्रा यांनी बुद्धगयेहून नेलेल्या फांदीचा वृक्ष. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथूनच आणलेल्या फांद्यांचा. म्हणजे इथली फांदी तिकडं गेली आणि तिकडून परत आपल्या घरी आली. मग मातलेजवळचं अलुविहार. दुष्काळ आणि लढायांच्या काळात, पाठ म्हणणारे भिक्खूच राहिले नाहीत तर धम्म कसा राहील, या काळजीनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्रिपिटक तिथं ताडपत्रावर उतरवलं गेलं. लिहिलं म्हणून टिकलं, हे पोरांनी ध्यानात ठेवावं.

पण पोरगी परत आली ती सांगत होती घरांबद्दल. अनुराधपूरजवळच्या खेड्यात तळ्याच्या पाण्यावर भात पिकवणारं एक कुटुंब. सकाळी तांदळाच्या शेवया, खोबऱ्याची चटणी आणि वरण. सगळे हातानं जेवणारे. पोरगी घरच्या लेकीजवळ झोपली. आडनाव सांगितलं तर कुणाला काही कळलंच नाही! २०२१ साली रासायनिक खत बंद झालं तेव्हा भात कसा बुडाला, २०२२ साली गॅस-पेट्रोलसाठी रांगेत कसे दिवस गेले, हे त्या माउलीनं सांगितलं. गिरणी बंद पडल्यावर आपल्या घरात जे झालं, तेच. तिथं दर पौर्णिमेला सुटी असते आणि रविवारी पांढऱ्या कपड्यातली पोरं धम्मशाळेला जातात. आपण मात्र जयंतीला आणि पुण्यतिथीलाच विहारात येतो.

आता कडू गोष्ट. कँडीला पोरीनं भिक्खुसंघाबद्दल विचारलं. १७५३ साली सयामच्या भिक्खूंकडून उपसंपदा घेऊन जो निकाय उभा राहिला, त्यात पुढं गोविगम या वरच्या जातीलाच प्रवेश उरला. मग बाकीच्या जातींचे लोक १८०० साली ब्रह्मदेशात जाऊन भिक्खू झाले आणि त्यातून अमरपूर निकाय निघाला. आजही तिथल्या रविवारच्या पेपरात लग्नाच्या जाहिरातीत जात छापतात. घरच्या माउलीला हे सांगताना मान खाली घालावी लागली. पोरगीही त्या रात्री झोपली नाही. बुद्धाच्या देशात जात कशी?

बंधूंनो, आम्ही तिला म्हणालो, त्यांना नावं ठेवण्याआधी आपल्या घरात बघ. १९५० साली बाबासाहेब त्याच श्रीलंकेत धम्म प्रत्यक्ष बघायला गेले होते. १९५६ साली त्यांनी आपल्याला जातीतून बाहेर काढलं. आणि आपण? सोयरीक जमवताना हळूच पोटजात विचारतोच ना? मातंग, चर्मकार बांधवाच्या पोरानं आपली मुलगी मागितली, तर आपले चेहरे कसे होतात? त्या माउलीनं मान खाली घातली. आपण तर तेवढंही करत नाही.

म्हणून एक विनंती. लेणी बघायला परगावचे, परदेशातले विद्यार्थी आपल्या भागात येतात. त्यांना लॉजवर जाऊ देऊ नका. समितीनं दहा घरांची यादी करावी, पहिलं नाव आमचं लिहावं. पाहुण्याला पुढल्या दारानं घ्यावं, आपल्याच ताटातलं वाढावं, आणि त्यानं जातीबद्दल विचारलं तर खरं सांगता येईल असं आपलं घर ठेवावं.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. नमो बुद्धाय! जय भीम!