मागच्या आसनावरील पट्टा



पालघर किंवा बोईसर-तारापूर येथून मोटारीनें मुंबईस निघालेला मनुष्य मनोर अथवा चिल्हार फाट्यावर अहमदाबादच्या हमरस्त्यास लागतो. ह्याच रस्त्यावर, उत्तरेस चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर ता. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. पुढें बसलेलीं दोघें जबर जखमी झालीं, पण वांचलीं. मागें बसलेले मिस्त्री व त्यांचे स्नेही दगावले. मागच्या दोघांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार जर्मन बनावटीची होती. परंतु हल्लींच्या मोटारींतील पट्ट्याची घडण मूळची स्वीडनमधील व्होल्व्हो कारखान्याची. त्या कारखान्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

'व्होल्व्हो' म्हटलें कीं आपल्याकडे वातानुकूलित बसच डोळ्यांपुढें येते. लॅटिनमध्यें ह्या शब्दाचा अर्थ 'मी फिरत जातों'. बॉल-बेअरिंग करणाऱ्या एस. के. एफ. कंपनीनें तो आधींच नोंदवून ठेविला होता. तिच्याच आश्रयानें गाब्रिएलसन व लार्सन ह्या दोघांनीं १९२७ सालीं गोथेनबर्ग येथें पहिली मोटार बाहेर काढिली.

१९५८ सालीं नील्स बोलिन हा इंजिनियर तेथें आला. पूर्वीं तो साब कंपनींत, संकटसमयीं वैमानिकास आसनासह विमानाबाहेर फेंकणारी योजना करीत असे. माणसास बाहेर फेंकण्यांत ज्याचा हात बसला, त्याच्याकडेच माणसास आंत राखण्याचें काम आलें! त्या काळचा पट्टा बहुधा पोटावरूनच जाई. धडक बसतांच धड पुढें झुके आणि पट्टा पोटांत रुते. बोलिननें एक भाग खांद्यावरून छातीवर तिरका व दुसरा कमरेवर आडवा घेतला, आणि दोन्ही कुशीजवळ खालीं एकाच ठिकाणीं अडकविले. त्यामुळें जोर छातीच्या व कमरेच्या हाडांवर पडतो. शिवाय तो एका हातानें लावतां येतो. १९५९ सालीं हा पट्टा मोटारींत आला. कंपनीनें पेटंट घेतलें, पण इतर कारखान्यांस तें मोकळें ठेविलें; व्यापारी जगांत असें क्वचितच घडतें. १९६७ सालीं २८,००० अपघातांची छाननी प्रसिद्ध झाली. तींत ताशीं ६० मैलांखालच्या वेगाच्या अपघातांत पट्टा बांधलेला एकहि मनुष्य मेलेला आढळला नाहीं.

पुढें कंपनीच्या मोटारींचा विभाग १९९९ सालीं अमेरिकन फोर्डकडे व २०१० सालीं चिनी जीलीकडे गेला.

मागें बसलें कीं धोका नाहीं, ही आपली समजूत मात्र कायम आहे. गाडी थांबते, अंग त्याच वेगानें पुढें जातें. मागच्याचा भार पुढच्याच्या पाठीवर आदळतो. मागच्यानेंहि पट्टा बांधावा, हा नियम चारोटीच्या अपघातापूर्वींच होता, १,००० रुपये दंडहि होता. मुंबई पोलिसांनीं त्याची सक्ती १ नोव्हेंबर २०२२ पासून आरंभिली. पुष्कळ मोटारींत मागच्या पट्ट्याची अडकवण आसनाच्या खोळीखालीं दडपलेली असते. ती हात घालून शोधावी लागते.